आत ओढलेला हो

बदलीचा कागद देफ्नेच्या नावाने आला.
मी होतो त्याच कागदावर, खालून दुसऱ्या ओळीत:
सोबत येणारा पती.

बुर्साच्या शाळेत बारा वर्षं भूगोल शिकवला.
हेच अक्षांश फळ्यावर खडूने ओढले,
पण त्या रेघेवर कुणी राहतं, दूध आणतं,
कचऱ्याचे सात ढीग करतं
हे कधी सांगितलं नाही मुलांना.

शेलेफ्तेओ.
नाव नीट म्हणता येईपर्यंत ऑक्टोबर सरला.
डिसेंबरात ती अंधारात कारखान्याच्या बसला जाते
आणि अंधारातच परतते.
मधला तेवढा उजेड माझ्या एकट्याच्या वाट्याचा.
तो मी खिडकीशी बसून खर्च करतो
महिनाअखेरच्या पैशांसारखा.

तळघरात कपडे धुण्याची खोली.
भिंतीवर फळी, फळीवर तारखा,
प्रत्येक घराचं एक बोटभर पितळी कुलूप,
ज्या वेळी धुवायचं त्या भोकात अडकवायचं.
आमचं सतरा नंबरचं.
पहिल्याच आठवड्यात मी ते भलतीकडे लावलं
आणि गुनवोरबाईंच्या मंगळवारावर
आमच्या चादरी वाळत पडल्या.
त्या टोपली घेऊन आल्या. रागावल्या नाहीत.
तेच जास्त लागलं.
आमच्याकडे एवढ्यावरून जिन्यात तासभर भांडण,
मग चहा.

मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये विचारलं,
यापुढे आम्ही गुरुवारी, चालेल?
त्यांनी ओठांचा चंबू केला
आणि हवा आत ओढली, एकदाच, झपकन,
तव्याला हात लागल्यासारखी.
मी घाबरलो. दमा असेल.
स्टूल पुढे सरकवलं, पाणी आणायला धावलो.
पेला धरून त्या बघत राहिल्या माझ्याकडे,
मग प्यायल्या बिचाऱ्या, तहान नसताना.

रात्री देफ्ने हसून हसून पलंगावर आडवी.
अरे, हो म्हणाल्या त्या!
इकडे उत्तरेला असंच म्हणतात, आमचा फोरमनसुद्धा.
खूप दिवसांनी हसत होती.
मग मध्येच थांबली. दिवा घालवला.
तुला इथे आणून चुकलं का रे माझं?

'नाही'साठी आमच्याकडे
भुवया उंच करून जिभेने च्च करतात.
मी तेच केलं.
अंधारात भुवया कुठल्या दिसायला.
नुसतं च्च ऐकू गेलं असेल,
आणि नुसत्या च्चचे अर्थ पुष्कळ.

सकाळी बोलायचं राहिलं. बस सहा दहाची.

जानेवारीत दाराच्या कडीला एक पिशवी:
बुटाखाली बांधायचे खिळे, बर्फावर चालण्यासाठी,
गुनवोरबाईंच्या वारलेल्या नवऱ्याचे,
मला दोन नंबर मोठे.
रबर दुमडून, दोरी गुंडाळून ते घातले
आणि नदीपर्यंत जाऊन आलो
एका न भेटलेल्या माणसाच्या पावलांनी, न घसरता.

काल रविवार. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून
देफ्ने बटाटे सोलत होती.
पडद्यावर सासूबाईंचं कपाळच तेवढं.
जेवता ना नीट दोघं?
देफ्नेने मान न उचलता
हवा आत ओढली.

काय झालं? बोट कापलंस? जिहान, बघ रे तिचं बोट!

सुरी तशीच वर राहिली.
देफ्नेने आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
कुणीतरी तिच्या तोंडातून बोलून गेल्यासारखं.
काही नाही आई, हो म्हणाले.
तिकडून बराच वेळ काही नाही.
मग कपाळ म्हणालं,
हे असलं कसलं हो?

तिने उत्तर दिलं नाही. बटाटा धुतला.
मी खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलने लिहिलं:
सूर्य गेला तीन वाजून पाच मिनिटांनी,
परवापेक्षा आठ मिनिटं उशिरा.
मोठ्याने वाचूनही दाखवलं,
कुणी विचारलं नसताना.